ग्रामपंचायतीच्या ठरावांवर वर्षभर लक्ष कसं ठेवायचं? करमाड परिसरातल्या गावकऱ्यांसाठी महिनावार माहिती

करमाड (प्रतिनिधी) : जालना रोडवरचं करमाड आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. एका बाजूला शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिक, गावातून रेल्वे, थोड्या अंतरावर समृद्धी महामार्ग. रस्त्याकडेला प्लॉटिंग झालं, भाडेकरू वाढले, दुकानं वाढली. पण पाणी, नाली, कचरा, दिवाबत्ती, घराची नोंद या सगळ्यांसाठी माणूस शेवटी ग्रामपंचायतीच्याच पायऱ्या चढतो. लाडगाव, कुंभेफळ, लाडसावंगी, पिंप्री राजा इकडेही तीच गोष्ट.

पाच वर्षांतून एकदा मतदान होतं तेव्हा गाव जागं असतं. त्यानंतर ग्रामपंचायतीने कोणत्या महिन्यात काय ठरवलं, त्यावर किती पैसा गेला, हे विचारलं तर दहातले नऊ जण सांगू शकत नाहीत. त्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आपल्या जिल्हा परिषदेचा आणि पंचायत समितीचा कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी सांगितलं. मधल्या काळात गावकऱ्याने मत देऊन निवडलेली, त्याच्या हाताशी असलेली एकच संस्था होती, ती म्हणजे ग्रामपंचायत. म्हणून तिच्या ठरावांवर वर्षभर नजर कशी ठेवायची, कोणत्या महिन्यात काय बघायचं, कोणता कागद मागायचा, ही माहिती एका जागी देत आहोत. कापून ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये जतन करून ठेवा.

आधी हे समजून घ्या : निर्णय होतो कुठं?

ग्रामपंचायतीचा कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ या कायद्याने चालतो. पूर्वी याचं नाव मुंबई ग्रामपंचायत अधिनियम होतं. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीला घटनेत जागा मिळाली. म्हणून २४ एप्रिल हा पंचायतराज दिन.

निर्णय दोन ठिकाणी होतात. एक मासिक सभा आणि दुसरी ग्रामसभा. लोक या दोन्हीत गल्लत करतात.

मासिक सभा म्हणजे सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांची बैठक. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. ही बैठक महिन्यातून एकदा झालीच पाहिजे. नोटीस तीन पूर्ण दिवस आधी निघाली पाहिजे. निम्मे सदस्य हजर असले की कोरम होतो.

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक बाई. तिथं तुम्ही पाहुणे नाही, सभासद आहात. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. आपल्याकडे साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्याच्या आसपास त्या होतात. नोटीस सात दिवस आधी लागते. योग्य कारण नसताना सरपंचाने ग्रामसभा घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं. कारण योग्य होतं की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. सचिवावरही कारवाई होऊ शकते.

कोरम किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यापैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं लागतील. ५ हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ७५० होतात, पण तिथं १०० पुरेत. कोरम नसला तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला पुन्हा कोरमची अट नाही. खरी गोम इथंच आहे. पहिल्या सभेला गाव आलं नाही की आठवड्याने दहा-बारा माणसांत सगळे विषय मंजूर होतात आणि ते कायदेशीर असतात. नंतर पारावर बसून बोंब मारून उपयोग नाही.

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावात ती कागदावरच होते. महिला सभेत दारूबंदी, पाण्याची वेळ, अंगणवाडी, स्मशानभूमीचा रस्ता असे विषय ठरावात आले तर ते ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. पन्नास टक्के जागा महिलांना आहेत. पण खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा किंवा पोराचा, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. बैठकीत नातेवाईकाने बसून निर्णय घ्यायला कायद्यात कुठंही जागा नाही.

प्रोसिडिंग कसं वाचायचं?

सभेत जे ठरतं ते इतिवृत्तात, म्हणजे गावच्या भाषेत प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जातं. प्रत्येक ठरावाला क्रमांक, विषय, सूचक आणि अनुमोदक असतो. सर्वानुमते मंजूर की बहुमताने, हेही लिहिलेलं असतं. प्रोसिडिंग हातात आलं की चार गोष्टी बघा.

पहिली, तारीख आणि हजेरी. सह्या किती आणि त्या माणसांच्याच आहेत का? काही गावात कोऱ्या रजिस्टरवर आधी सह्या घेतात आणि मजकूर मागाहून लिहितात. सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा, पान कोरं असेल तर सही करू नका.

दुसरी, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय. हा दर वेळी पहिला असतो आणि घाईत उरकला जातो. मागच्या सभेत जे बोललं गेलं नाही ते लिहिलं असेल तर हरकत घेण्याची जागा हीच. हरकत तोंडी घेऊ नका, नोंदवायला लावा.

तिसरी, ऐनवेळचे विषय. नोटिशीत नसलेले विषय अध्यक्षांच्या परवानगीने इथं येतात. गायरान, गाळे, मोठं बिल, एखाद्याला ना-हरकत असे विषय वारंवार ऐनवेळच्या विषयात दिसू लागले तर समजा की ते चार लोकांत चर्चेला येऊ द्यायचे नाहीत.

चौथी, पैसा कोणत्या निधीतून. ठरावात काम लिहिलंय पण निधीचं नाव नाही, असं असेल तर विचारा. त्याचं कारण पुढे येईल.

पैसा कुठून येतो?

ग्रामपंचायतीकडे मुख्यतः तीन प्रकारचा पैसा येतो.

एक, स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडी बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं. या पैशातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. धरा, गावाचं उत्पन्न ८ लाख आहे. तर १ लाख २० हजार, ८० हजार आणि ४० हजार असे तीन वाटे बाजूला निघाले पाहिजेत. दिव्यांग बांधवांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उत्पन्न किती झालं ते विचारा, त्याचे ५ टक्के काढा आणि खर्च कुठं दाखवलाय ते बघा. एवढ्यावरच बऱ्याच गोष्टी उघड होतात.

दोन, वित्त आयोगाचा निधी. १५व्या वित्त आयोगाचा पैसा दोन भागात विभागलेला होता. ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधितातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे १० लाख आले तर ३ लाख पाणी, ३ लाख स्वच्छता आणि उरलेले ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे. अबंधितातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही. महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. १५व्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, त्यापुढे १६वा आयोग. जुन्या निधीचा हिशेब मागायचा हक्क मात्र मुदत संपली म्हणून संपत नाही.

तीन, योजनांचा पैसा. जलजीवन मिशन, घरकुल, रोजगार हमी, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीचा विकास, आमदार-खासदार निधी, ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष. यातली बरीच कामं ग्रामपंचायत स्वतः करत नाही, पण ठराव तिचाच लागतो.

आता निधीचं नाव का विचारायचं? एकच सिमेंट रस्ता एका वर्षी एका योजनेत आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या योजनेत दाखवता येतो. रस्ता तोच, गल्ली तीच, बिल दोन. हे पकडायचं असेल तर प्रत्येक कामापुढे निधीचं नाव, वर्ष आणि कुठून कुठपर्यंत ही हद्द लिहून ठेवावी लागते. "अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत" असं ठरावात असतं. ते जसंच्या तसं उतरवून घ्या.

कोणत्या महिन्यात काय बघायचं?

एप्रिल-मे : नवीन आर्थिक वर्ष सुरू होतं. वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणाचे शेरे आणि चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम ठेवावा लागतो. वर्षातली ही सगळ्यात महत्त्वाची सभा, आणि नेमकी लग्नसराईत येते. जमाखर्च वाचून दाखवा असा आग्रह धरा. "फलकावर लावलाय, बघून घ्या" हे उत्तर पुरेसं नाही. याच दिवसांत पाण्याची टंचाई असते. टँकर, विहीर अधिग्रहण, बोअर दुरुस्ती हे ठराव तपासा. अधिग्रहण कोणाच्या विहिरीचं, किती दिवसांचं, हे नोंदवून घ्या.

जून-जुलै : पेरणीचे दिवस. शेतकरी शेतात आणि ग्रामपंचायतीत मासिक सभा चालू. या दोन महिन्यांत गावाचं लक्ष नसतं, म्हणून या दोन सभांचे ठराव मुद्दाम मागून घ्या. नालेसफाई, धूरफवारणी, ब्लिचिंग पावडर यांची खरेदी याच काळात दाखवली जाते. ब्लिचिंग किती पोती घेतली ते साठा नोंदवहीत असतं, आणि टाकीत किती पडलं ते पाणी सोडणाऱ्याला माहीत असतं.

ऑगस्ट : ग्रामसभा. झेंडावंदन झालं की लोक घरी जातात, तसं करू नका. तासभर बसा. रोजगार हमीची कामं, शेतरस्ते, सिंचन विहिरी, गोठे यांच्या याद्या याच सुमारास सभेपुढे येतात. लाभार्थी निवडीचा अधिकार ग्रामसभेला आहे. यादी आधी तयार करून आणली असेल तर नावं मोठ्याने वाचायला लावा. एकाच घरातली दोन नावं, आधी लाभ घेतलेला माणूस, बाहेरगावी राहणारा माणूस हे सगळं तिथल्या तिथं कळतं.

सप्टेंबर : कर भरण्याचा महिना. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत घरपट्टी भरली तर सूट मिळते आणि थकली तर दंड लागतो. पावती घ्याच. पावतीशिवाय दिलेला पैसा ग्रामपंचायतीला मिळालाच नाही असं समजा. थकबाकीचं एक वेगळं कलमही आहे. मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ प्रमाणे अपात्र ठरू शकतो. म्हणून कारभाऱ्यांची घरपट्टी भरलेली आहे का हा प्रश्न खोडसाळ नाही, कायदेशीर आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : मका, सोयाबीन घरात येतं, कापूस वेचणीला लागतो आणि तिकडे ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होतो. राज्यात "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने ही पद्धत १४व्या वित्त आयोगापासून सुरू झाली. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम चालते. पुढच्या वर्षी जे काम व्हायचंय त्याचं नाव या आराखड्यात लागतं. आराखड्यात नाव नसेल तर "पैसे आहेत पण बसत नाही" हे उत्तर वर्षभर ऐकावं लागतं. आपल्या गल्लीचं, वस्तीचं, शिवरस्त्याचं काम लेखी अर्ज देऊन टाकायला लावा आणि अर्जावर पोच घ्या.

डिसेंबर-जानेवारी : पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार होतं. ग्रामपंचायतीच्या भाषेत याला नमुना १ म्हणतात. ते मंजुरीसाठी पंचायत समितीकडे जातं. आराखड्यात काम आहे पण अंदाजपत्रकात तरतूद नाही, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय काढा.

फेब्रुवारी-मार्च : वसुली आणि खर्च दोन्हींची घाई. वर्षभर न झालेली बिलं मार्चमध्ये निघतात. स्ट्रीट लाईट, संगणक साहित्य, फर्निचर, रंगरंगोटी, क्रीडा साहित्य अशी खरेदी याच काळात जास्त दिसते. मार्चच्या मासिक सभेचं प्रोसिडिंग आणि त्या महिन्याची रोकडवही हे दोन कागद मागितल्याशिवाय वर्षाचा हिशेब पुरा होत नाही.

एक काम धरा आणि शेवटपर्यंत जा

सगळ्या कामांवर नजर ठेवणं एका माणसाला जमत नाही. शेती बघायची, जनावरं बघायची. म्हणून वर्षाला एक किंवा दोनच कामं निवडा. एखादी नाली, एखादा रस्ता, पाण्याची टाकी. त्या कामाचा प्रवास असा असतो :

आराखड्यात नाव, ग्रामसभेची मंजुरी, इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी बिल.

यातला सगळ्यात बोलका कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, ज्याला सगळे एमबी म्हणतात. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन जा आणि मोजा. १०० मीटर लिहिलंय आणि जागेवर ८० भरतंय, तर भांडणाची गरज नाही, मोजमापाचा फोटो आणि एमबीची प्रत एकत्र जोडून अर्ज करा. जाडी मात्र काम चालू असतानाच बघावी लागते. सिमेंट पडल्यावर आत किती आहे ते दिसत नाही.

ग्रामनिधीतून पैसे सरपंच आणि सचिव या दोघांच्या सहीनेच निघतात. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं २०२४ मध्ये एकत्र करून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी हे नाव दिलं गेलं. म्हणजे चूक निघाली तर "मी फक्त सही केली" असं दोघांपैकी कोणालाही म्हणता येत नाही.

नमुने लक्षात ठेवा

२०११ च्या लेखासंहितेप्रमाणे ग्रामपंचायतीला १ ते ३३ नमुन्यांत दप्तर ठेवावं लागतं. सगळे पाठ करायची गरज नाही. गावकऱ्याला रोज लागणारे एवढेच :

नमुना १ – अंदाजपत्रक
नमुना ३ – जमाखर्चाचं विवरण
नमुना ५ – रोकडवही
नमुना ८ – कर आकारणी नोंदवही
नमुना ९ – कर मागणी नोंदवही
नमुना १० – कराची पावती
नमुना १५ आणि १६ – साठा आणि जड वस्तूंच्या नोंदी
नमुना २२, २३ आणि २४ – स्थावर मालमत्ता, रस्ते आणि जमीन
नमुना २८ – मागासवर्गीय आणि महिला-बालकल्याणावरचा खर्च
नमुना ३३ – वृक्ष नोंदवही

अर्जात "कामाची माहिती द्या" असं मोघम लिहिलं तर मोघम उत्तर येतं. नमुना क्रमांक लिहिला की टाळाटाळ अवघड होते.

नमुना ८ बद्दल करमाड पट्ट्यात एक गोष्ट ठळक सांगायला हवी. नमुना ८ ला नाव लागणं म्हणजे मालकी नव्हे. ती कर आकारणीची नोंद आहे. एमआयडीसीत कामाला आलेला माणूस आयुष्याची कमाई घालून प्लॉट घेतो आणि हातात फक्त नमुना ८ चा उतारा असतो. सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर लेआऊट, खरेदीखत हे सगळं बघितल्याशिवाय इसार देऊ नका. गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. ही योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. आपल्या घराची पत्रिका झाली का, क्षेत्र बरोबर आहे का, हे पाहून घ्या.

गायरान आणि कारखान्यांचा कर

औद्योगिक भागाजवळच्या गावांनी दोन विषयांवर जास्त लक्ष ठेवावं.

एक म्हणजे गायरान. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याबाबत सगळ्या राज्यांना निर्देश दिले. त्याच वर्षी १२ जुलैला राज्य सरकारनेही गायरान जमिनींबाबत निर्णय काढला. जमिनीला भाव आला की गायरान आधी कमी होतं, आणि ते गेलं की गावची शेळी-मेंढी जाते. गायरानाबाबत कोणताही ठराव, ना-हरकत किंवा नोंद दिसली की ती तारखेसह टिपून ठेवा. शासकीय जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही, तशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

दुसरा विषय कारखान्यांकडून येणाऱ्या कराचा. आपल्या हद्दीत औद्योगिक जागा येते का, येत असेल तर ग्रामपंचायतीच्या वाट्याला किती कर आला आणि कोणत्या वर्षाचा बाकी आहे, हे अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ग्रामसभेत लेखी प्रश्न द्या.

कागद दिला नाही तर?

आधी साधा अर्ज करा. बरेच ग्रामपंचायत अधिकारी साध्या अर्जावरही प्रत देतात, उगाच पहिल्याच दिवशी वाकडं घेऊ नका. पंधरा दिवस थांबून काही आलं नाही तर माहिती अधिकार.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती नाही. प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं किंवा अर्धवट मिळालं तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथंही जमलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. त्यासाठी मुंबईला जायचं काम नाही, आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. असं लिहिलं तरी चालतं : "दि. १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीतील सर्व मासिक सभा व ग्रामसभांच्या नोटिसा व इतिवृत्ताच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." प्रती जास्त असतील तर आधी दप्तर प्रत्यक्ष बघण्याची मागणी करा, तोही हक्क आहे.

घरबसल्या बघायचं असेल तर केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीची नोंद दिसते. २०२० पासून ते सुरू आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की पान उघडतं. तिथला आकडा आणि प्रोसिडिंगमधला आकडा जुळतो का हे बघणं म्हणजे अर्धी तपासणी झाली.

तक्रार कोणाकडे?

कामाची, हिशेबाची तक्रार पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे. तिथून चौकशी विस्तार अधिकाऱ्याकडे येते. पुढे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सरपंच, उपसरपंच किंवा सदस्याने गैरवर्तन केलं, कर्तव्यात कसूर केली तर कलम ३९ खाली चौकशी होऊन विभागीय आयुक्त त्याला पदावरून काढू शकतात. अपात्रतेचा विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे.

सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला पुन्हा आली. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव आणला तर तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर ग्रामसभेचीही मान्यता लागते. म्हणजे शेवटचा शब्द इथंही गावाचाच.

तक्रार करताना एक पथ्य पाळा. माणसावर लिहू नका, ठरावावर लिहा. "सरपंच खातो" या तक्रारीची चौकशी होत नाही. "ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, मोजमाप पुस्तिकेत इतके मीटर, जागेवर इतके मीटर" या तक्रारीला उत्तर द्यावंच लागतं. आणि गावात राहायचंय, हेही ध्यानात ठेवा. कागदाचं भांडण कागदावर राहिलं तर उद्या एकाच पंगतीत बसता येतं.

नगरपंचायत झाली तर?

वाढत्या गावात "नगरपंचायत करा" ही मागणी निघते. फुलंब्री, सोयगाव ही आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं. नगरपंचायत झाली की १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू होतो, नगररचना बदलते, कर बदलतात, निधीही वेगळा येतो. एक गोष्ट मात्र जाते, ती म्हणजे ग्रामसभा. नगरपंचायतीत प्रश्न नगरसेवकच विचारतो, मतदाराला समोर उभं राहून विचारायची जागा उरत नाही. मागणी करायची की नाही हा ज्या त्या गावाचा प्रश्न, पण काय मिळतं आणि काय जातं हे दोन्ही माहीत असावं.

चांगलं काम झालं तर तेही लिहा

लक्ष ठेवायचं म्हणजे फक्त खोट काढायची असं नाही. आपल्याच तालुक्यातलं पाटोदा गाव भास्करराव पेरे पाटलांच्या काळात राज्यभर माहीत झालं. पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत ही त्या गावची रीत सगळ्यांनी ऐकली आहे. त्यामागचा हिशेब सोपा आहे. कर आला तर सोय होते आणि सोय दिसली तर लोक कर भरतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ पासून हेच सांगत आले, की पाण्याचा ताळेबंद गावाने एकत्र बसून मांडायचा आणि मगच पीक ठरवायचं. या दोन्ही गावात कारभार गावापुढे मांडला जायचा, म्हणून तो टिकला.

तुमच्या गावात सरपंचाने जमाखर्च स्वतःहून वाचून दाखवला, एखाद्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मागितल्या दिवशी प्रत दिली, तर तेही वहीत लिहा आणि ग्रामसभेत बोलून दाखवा. सरपंचाचं मानधन सप्टेंबर २०२४ च्या निर्णयात दुप्पट झालं तेव्हाही ते लोकसंख्येप्रमाणे महिना ६ ते १० हजारच आहे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याच्या पाठीशी गाव उभं राहिलं नाही तर पुढच्या वेळी चांगला माणूस फॉर्म भरत नाही.

वही अशी करा

दोनशे पानी एक वही घ्या. रकाने सात : तारीख, सभा कोणती, ठराव क्रमांक, विषय, निधी आणि रक्कम, सूचक-अनुमोदक, पुढे काय झालं. शेवटचा रकाना सुरुवातीला कोराच राहील, तो दर तीन महिन्यांनी भरायचा. वर्षाला बारा मासिक सभा आणि चार ग्रामसभा, म्हणजे सोळा बैठका. एका बैठकीला दोन-तीन पानं धरली तर एका वहीत तीन-चार वर्षं सहज मावतात.

हे एकट्याने करू नका. गल्लीगल्लीतून एक असे चार-पाच जण धरा, त्यात दोन महिला असू द्या, एक शिकलेलं पोरगं किंवा पोरगी असू द्या. सगळे एका पार्टीचे नसावेत, नाहीतर वहीला पार्टीचा रंग लागतो आणि तिची किंमत जाते. वही कोणाच्या घरी न ठेवता वाचनालयात किंवा मंदिराच्या पेटीत ठेवा, मागेल त्याला बघू द्या.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की तिचा फोटो काढा, विषय वाचा आणि आपला एक प्रश्न लेखी स्वरूपात आधीच ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. वर्षाची सुरुवात एप्रिललाच करायला पाहिजे असं काही नाही. ज्या महिन्यात हे वाचताय, त्याच महिन्याच्या मासिक सभेपासून पहिलं पान लिहायला घ्या.